थोरल्याची पेटी

दुपारी तीनच्या सुमारास किल्लीवाला त्या घरी पोचला, तेव्हा बहीणभाऊ पेटीच्या दोन अंगांना बसले होते, एकमेकांकडे न बघता. दोघांनीही पन्नाशी गाठलेली. पेटी जाड लाकडाची, माणूस गुडघे दुमडून मावेल एवढी. आई जाऊन तीन आठवडे झाले होते आणि किल्लीचा घरात पत्ता नव्हता.

"आई म्हणायची, माझा खजिना आहे यात," भाऊ म्हणाला. "जन्मभर मशीन चालवून लोकांचे कपडे शिवले तिने. काहीतरी किडुकमिडुक असणारच."

"खजिना ती कुणाला म्हणायची, विसरलास?"

मग बहिणीनेच किल्लीवाल्याला सांगितलं, "आमचा थोरला भाऊ. पाच वर्षांचा असताना तापाने गेला. मी तेव्हा तीन वर्षांची, हा तर जन्मलाही नव्हता. आई त्याला 'माझा खजिना' म्हणायची. आम्हाला कधी... असो. तुम्ही उघडा."

कुलूप जुनं होतं, पण आतून तेल दिलेलं. तारेच्या दोन हिसक्यांत सुटलं. झाकण वर गेलं तसा किल्लीवाल्याने सवयीने श्वास रोखला. बंद पेट्यांचा कुबट वास त्याच्या ओळखीचा होता. इथे मात्र साबणाचा वास आला, आणि त्याखाली उन्हातून चालून आलेल्या माणसाच्या अंगाचा.

आत कपडे होते. नुसते कपडे.

भाऊ अधाशासारखा ते उपसू लागला. वर मोठे, पोटाशी ऐसपैस सदरे. मग जरा अंगाबरोबरचे.

"बाबांचे का गं?"

"बाबा काडीसारखे होते. हे कुठले त्यांचे?"

खाली खाली जावं तसे कपडे लहान होत गेले. कॉलेजातल्या पोराची पँट, शाळेचा गणवेश, अर्ध्या चड्ड्या. तळाशी एक निळा स्वेटर होता, वीतभर बाह्यांचा. तो बघताच बहिणीने तोंडावर हात धरला.

"हा त्याचा आहे. याच्यातच तो..."

भाऊ कसनुसा हसला. "वेडी माया गं. दरवर्षी त्याच्या मापाचा अंदाज करून शिवत बसली असेल."

किल्लीवाल्याला खरं तर मध्ये बोलायचं नव्हतं. पण चड्डीचं बूड झिजून पातळ झालेलं त्याला दिसत होतं. गणवेशाच्या खिशाला शाईचा डाग होता. सदऱ्यांच्या कॉलरी विरल्यावर उलटवून पुन्हा शिवल्या होत्या.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हे वापरलेले आहेत..."

बहिणीने सगळ्यात वरचा सदरा उचलला, उलटसुलट केला, आणि तिचा हात काखेपाशी थांबला. कापड ओलसर होतं.

भाऊ उठला. "मला यातलं काही नको, ताई. पेटी तू ने." बुटांची नाडीही न बांधता तो जिना उतरून गेला.

बहीण सदरा मांडीवर घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बटण तुटलंय एक." आणि आईच्या मशीनचा खण उघडून सुई शोधू लागली.

महिन्याभराने तिने किल्लीवाल्याला पुन्हा बोलावलं, या वेळी स्वतःच्या घरी. एकटीच राहायची. पेटी खिडकीखाली उन्हात होती. बाई तजेलदार दिसत होती, जरा भरलीही होती.

"नवं कुलूप बसवायचंय."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक मला. एक पेटीत ठेवा."

किल्लीवाला हसला. ती हसली नाही.

"आणि ते आतूनही उघडलं पाहिजे. आई गेल्यावर तीन आठवडे कुणी उघडलंच नाही हो..."

आपलं काम बरं नि आपण बरे, म्हणत त्याने स्क्रूसाठी जागा बघायला झाकणाच्या आतून बोटं फिरवली. तिथे स्क्रूची चार भोकं आधीपासूनच होती, जुनी, कडा बोथटलेली. आणि त्यांच्याभोवतीचं लाकूड गुळगुळीत झालं होतं, रोज हात लागून दाराच्या कडीपाशी होतं तसं.