सात नकला आणि दादाची खूण

विश्वास ठेवाच, असं म्हणत नाही. पण मी घड्याळं दुरुस्त करतो. केसाएवढी स्प्रिंग भिंगातून पाहणं माझं रोजचं काम. तेव्हा 'तुझी नजर चुकली असेल' एवढं मात्र मला सांगू नका.

मागच्या हिवाळ्यातला शनिवार. सकाळचे सात. ओहोटी लागलेली आणि किनाऱ्यावर चार हातांपलीकडचं दिसू नये असं धुकं.

माझा मोठा भाऊ म्युझियममध्ये जुन्या नाण्यांच्या नकला ओतायचा. त्या तिथल्याच दुकानात विकायच्या. प्रत्येक नकलेच्या कडेला बारीक ठिपका ठोकायचा नियम होता, म्हणजे कुणी ती अस्सल म्हणून खपवू नये. एकदा दादाकडून सात नकलांवर ही खूण राहून गेली. म्युझियमचे साहेब रागावले. म्हणाले, नष्ट कर. दादा संध्याकाळी त्या समुद्रात टाकायला गेला...

परत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, म्युझियमच्या कपाटातली सात अस्सल नाणीही गायब आहेत. झालं! दादा चोर ठरला. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? एकटी वहिनी म्हणत राहिली, "ते नकला टाकायलाच गेले होते. बुडाले ते. पळाले नाहीत."

साहेब म्हणाले, "बिनखुणेच्या नकला आणून दाखवा, मी लेखी देतो."

तेव्हापासून तीन वर्षं मी मेटल डिटेक्टर घेऊन किनारा पालथा घालत होतो. जीवरक्षक मला 'खजिनदार' म्हणायचे. लोक वाळूत खरं सोनं शोधतात, मी खोट्या नाण्यांसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो.

त्या सकाळी डिटेक्टर तासभर गप्प होता.

मग पुढे धुक्यात कुठेतरी...

ठक्.

मी जागीच थांबलो. हा आवाज मला पाठ होता. दादा नाणं दगडावर टाकून पाहायचा. अस्सल चांदी खणखणते, नक्कल बद्द वाजते. हा आवाज बद्द होता.

"कोण आहे?" मी ओरडलो.

लाटांचाही आवाज नाही.

आवाजाच्या दिशेने गेलो आणि डिटेक्टर वाजला. वीतभर खाली एक काळवंडलेलं नाणं.

पुन्हा... ठक्. थोडं पुढे.

असं सात वेळा झालं. सात नाणी मिळाली. मागे वळून पाहिलं, तर ओल्या वाळूत फक्त माझीच पावलं होती.

धावतच वहिनीकडे गेलो. टेबलावर नाणी मांडली, डोळ्याला भिंग लावलं. कडेला साच्याची शिवण. आणि सातही नाण्यांवरच्या घोड्याच्या पायावर तोच एक ओरखडा, त्याच जागी. अस्सल नाण्यांची झीज माणसांसारखी, प्रत्येकाची वेगळी. एका साच्यातून निघालेल्यांनाच असा सारखा ओरखडा असतो.

"नकला आहेत, वहिनी! आणि खूण नाही. एकावरही नाही."

वहिनी रडता रडता हसायला लागली. "मी सांगत नव्हते, भाऊजी?"

मी फोटो काढले. नाणी घराबाहेर न्यायला ती तयार नव्हती. म्हणून कुलूप लावून आम्ही दोघं साहेबांना बोलवायला गेलो आणि भरदुपारी त्यांना घेऊन आलो.

तिसऱ्या मजल्याचा जिना चढत होतो, तेवढ्यात...

टक्.

बंद दारामागून.

टक्... टक्...

हातोडीचा हलका ठोका. साहेब माझ्याकडे पाहायला लागले. वहिनीने कुलूप काढलं, तसा आवाज थांबला.

घरात कुणी नव्हतं. खिडक्या आतून बंद. टेबल मात्र ओलं होतं. बोट लावून चाखलं... खारट.

नाणी एका सरळ रांगेत लावलेली होती.

साहेबांनी माझं भिंग घेतलं. एकेक नाणं पाहिलं. "यांच्यावर खूण आहे," ते म्हणाले. "आमच्या दुकानात विकलेली असतील."

"साहेब, सकाळी नव्हती हो!"

"पण ठिपका जरा डावीकडे..." म्युझियममध्ये डावखुरा एकच कारागीर होता. साहेब घामाने भिजले होते. नाणं खाली ठेवून जिना उतरून गेले. चष्मा टेबलावरच राहिला.

त्यांनी लेखी दिलं नाही. कसं देणार? सगळा पुरावा पुसला गेला होता. दादा आजही लोकांच्या लेखी चोरच आहे, आणि याचा मला फार राग येतो. दादाचाच येतो.

फोटोंचं म्हणाल, तर ते आहेत माझ्याकडे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांचे. त्या फोटोंमध्येही आता खूण दिसते.

वहिनीला त्याचं काही नाही. ती म्हणते, "राहिलेलं काम पुरं करायला चोर कधी परत येतो का, भाऊजी?" आता तिला शांत झोप लागते.

मला लागत नाही. दादाला अर्धवट काम ठेवलेलं खपायचं नाही. आणि त्या संध्याकाळी घरातून निघताना तो वहिनीला सांगून गेला होता, "तासाभरात येतो, मग दोघं मिळून बाहेर जाऊ."

ते अजून राहिलंय.