निळ्या पाटीचं छप्पर

"मॅडम, सुटलं!"

मदतनीस स्नेहल ओरडली आणि पुढच्याच क्षणी लाकडी छप्पर एका कोपऱ्यातून उचकटलं, वर उडालं आणि धाडकन आडवं झालं. शेडभर धूळ उठली. पत्रे थरथरत राहिले.

तमार नवगावकर जागची हलली नाही. तिची नजर जॅकच्या काट्यावर खिळली होती. काटा ठरलेल्या जोराच्या निम्म्यावरही पोचला नव्हता.

"जॅकखाली मांजरीची पिल्लं नाहीत ना? आधी ते बघा!" डेव्हिड अंकल घाबरेघुबरे होऊन पुढे आले.

स्नेहलने वाकून पाहिलं. "इथे कुठली मांजर, सर? काही नाही."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कोरेला देशाच्या समितीचे चेहरे दिसत होते. सगळेच एकदम बोलू लागले.

कोरेला म्हणजे हिंदी महासागरातला इवलासा देश, नकाशात भिंग घेऊन शोधावा लागणारा. दर काही वर्षांनी चक्रीवादळ तिथली घरं पार झोडपून जातं. आता त्यांनी नवी बांधकाम नियमावली लिहायला घेतली होती, आणि छपरांचा भाग तमारकडे आला होता. पनवेलपासून गोवा हायवेने कर्नाळ्याच्या अलीकडे तिची ही शेड. तिथे ती बांधकामांची ताकद तपासायची. वादळ छप्पर दाबत नाही, उपटतं, हे ती भेटेल त्याला सांगायची. म्हणून तिने कलम लिहिलं होतं: प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीला बांधायचा, आणि पट्टीला दातेरी खिळेच ठोकायचे. अंगभर बारीक दाते असलेला हा खिळा एकदा लाकडात शिरला की सहजी सुटत नाही.

कलम खरं आहे हे दाखवायला शेडमध्ये दोन सारखी छपरं उभी केली होती. लाल पाटीचं जुन्या पद्धतीचं, पट्टी तीच पण खिळे गुळगुळीत. निळ्या पाटीचं नव्या कलमाप्रमाणे. दोन्ही चाकांच्या सांगाड्यांवर होती. वर ओढणारा जॅक ज्याच्यावर येईल त्याची परीक्षा.

आणि आत्ता जे पडलं होतं, त्याला निळी पाटी होती.

"मिस नवगावकर," पडद्यावरून समितीचे अध्यक्ष म्हणाले, "आम्ही हे कलम आजच्या बैठकीत वगळणार आहोत. गरीब देशाला न टिकणारी गोष्ट सक्तीची करायची नसते."

"मला थोडा वेळ द्या."

"कशाला?"

"छप्पर का पडलं ते सांगायला."

"संध्याकाळी बैठक संपेपर्यंत," अध्यक्ष म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

आमेली कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. कोरेला सरकारने तिला मुद्दाम इथे पाठवलं होतं. अधिकारी होण्याआधी ती शिक्षिका होती. गेल्या वादळात तिच्याच शाळेत गाव आसऱ्याला जमलं होतं आणि शाळेचं छप्पर उडालं होतं. आत कोण कोण होतं, हे ती कधी बोलत नसे.

"तुम्ही ऐकलंत ना?" ती हलकेच म्हणाली. "ते वगळणार."

"वगळू देत, मी पुन्हा लिहीन," तमार म्हणाली. "पण आधी मला कळलं पाहिजे."

डेव्हिड अंकलनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. डेव्हिड किहीमकर तिच्या वडिलांचे जिवलग मित्र. पनवेलमधल्या तरुण इंजिनीअरांना त्यांच्या हाताखाली काम केल्याचा अभिमान वाटे. तमारही त्यांच्याच हाताखाली शिकली होती. कोरेलात ती शाळा बांधली तेव्हा तेच सल्लागार होते, आणि शाळा पडल्यावर चौकशीतही त्यांनीच मत दिलं होतं, की असल्या वाऱ्यापुढे कुठलंच छप्पर टिकलं नसतं. कोरेलाची एवढी माहिती दुसऱ्या कोणाला नाही, म्हणूनच तमारने त्यांना बोलावलं होतं.

"बाळ, हट्ट सोड," ते म्हणाले. "निसर्गापुढे कोणाचं चाललंय? तरी बरं, मीच म्हटलं होतं नवं छप्पर आधी तपासू. पुढचा खटाटोप वाचला. आता ते लालही आजच उतरवून टाक. डोक्यावर पडायचं कोणाच्या तरी."

तमार खाली बसून पडलेलं छप्पर पाहत होती. पट्ट्या शाबूत होत्या, एकही तुटली नव्हती. खिळेच लाकडातून बाहेर आले होते. तिने एक उचलला आणि बोटांत फिरवला.

गुळगुळीत.

दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे गुळगुळीत.

डेव्हिड अंकलनी वाकून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "दीपेश. स्वस्तातला माल दिला आणि तुला फसवलं."

दीपेश घरत करंजाड्याचा. पत्रे, पट्ट्या, खिळे त्याचेच, बसवायला माणसंही त्याचीच. स्नेहलने फोन केला तेव्हा तो जवळच होता. आपली माणसं घेऊन आला तोच तावातावाने.

"ताई, मी खोटा माल देत नाय. ज्याला वाटतं त्यानं तोंडावर बोलावं."

"हे खिळे बघ."

त्याने पाहिले. चेहरा पडला, पण आवाज नाही. "हे निळ्याचे नायत. निळ्याला मी दातेरीच दिले. तुमीपण ठोकलेत ना शनिवारी? फोटोला?"

ते खरं होतं. शनिवारी दुपारी काम संपताना स्नेहलने हट्टाने तमारच्या हातात हातोडा दिला होता. निळ्या छपराचा शेवटचा खिळा मॅडमनीच मारायचा. तिचा घाव हुकला आणि पट्टीला खोलगट पोचा पडला. सगळे हसले. डेव्हिड अंकल सगळ्यांत मोठ्याने. खिळा दातेरी होता, हे तिने तेव्हा स्वतः पाहिलं होतं.

"मग हे कुठून आले?" स्नेहल म्हणाली.

"दीपेश, माझ्याशिवाय किल्ल्या कोणाकोणाकडे?" तमारने विचारलं.

"एक माझ्याकडं, एक स्नेहलताईंकडं, एक किहीमकर सायबांकडं."

"स्नेहल, काल रविवारी तू कुठे होतीस?"

"आमेलीमॅडमबरोबर. कर्नाळ्याला पक्षी बघायला. सकाळी गेलो ते अंधार पडता पडता आलो."

आमेलीने मान डोलावली.

"डेव्हिड अंकल, तुम्ही?"

"घरी. गुडघा दुखत होता. शनिवारनंतर इथे आजच पाय ठेवला." ते हसले. "माझीही उलटतपासणी का?"

"सगळ्यांचीच. दीपेश, तू?"

"मी आलतो, काल सकाळी. जॅकखाली फळ्या टाकायच्या ऱ्हायल्या होत्या. टाकल्या आन् ओवे गावाला भाच्याच्या हळदीला गेलो. रात्रभर थितंच. सगळं गाव सांगंल."

"दोन्ही छपरं जागेवर होती? पाट्या?"

"व्हती. मी पाट्यांना हात लावला नाय. मांजर काय ती वेगळी दिसली."

"कसली मांजर?"

"जॅकच्या बुडाशी व्यायलेली. पिल्लं डोळं पण उघडत नव्हती. हळदीत कुठं नेऊ? ऱ्हाऊ दिली. आज उजाडताच पोत्यात घालून घरी नेली, तुमचा जॅक चालला आसता तर चिरडली आसती. म्हणून तर मी परीक्षेला नव्हतो. कुणाला बोल्लोपण नाय, हसाल म्हणून."

तमारने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि लाल पाटीच्या छपराकडे गेली. शिडी लावली, वर चढली, एकेका कोपऱ्यातल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मागच्या कोपऱ्यात बोट थांबलं.

तिने स्नेहलकडून पकड मागून घेतली आणि एक खिळा थोडा उचकटून पाहिला. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"स्नेहल, समितीला जोडून दे."

"काय सांगणार आहेस?" डेव्हिड अंकलनी विचारलं.

"छप्पर का पडलं ते."

पडदा उजळला. अध्यक्षांनी चष्मा लावला. तमार मधोमध उभी राहिली, जॅककडे पाठ करून.

"तुम्ही जे छप्पर पडताना पाहिलंत," ती म्हणाली, "ते आमच्या कलमाचं नव्हतंच. ते जुन्या पद्धतीचं होतं. पाट्या बदलल्या गेल्या."

"पुरावा?"

"दीपेशने खोटे खिळे दिले असते, तर दोन्ही छपरांत गुळगुळीतच सापडले असते. लाल पाटीच्या छपराचा एक खिळा मी थोडा उचकटून पाहिला. दातेरी आहे. म्हणजे माल खरा होता. बसवताना चूक झाली म्हणावं, तर तेही नाही. शनिवारी निळ्या छपरावर माझा हातोडा हुकला होता, पट्टीला पोचा पडला होता. पडलेल्या छपराच्या एकाही पट्टीला पोचा नाही. तो आत्ता लाल पाटीच्या छपराला आहे. शनिवारी ते निळं होतं, आज लाल आहे. छपरं सारखीच दिसतात, जागा रोज चाकांवर बदलते. पाटीशिवाय ओळखायला काही नाही. दोन पाट्यांची अदलाबदल केली की काम झालं."

"कोणी केली?"

"काल आलेल्या माणसाने. स्नेहल आणि आमेली कर्नाळ्याला होत्या. दीपेश सकाळी आला आणि गेला. त्याला काही लपवायचं असतं तर आलो होतो हे त्याने सांगितलंच नसतं. आणि स्वतःच्या मालाची बेअब्रू कोण करून घेईल?"

ती वळली. डेव्हिड अंकल खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"अंकल, छप्पर पडलं तेव्हा तुम्ही काय ओरडलात?"

ते गुडघा चोळू लागले.

"जॅकखाली मांजरीची पिल्लं नाहीत ना, असं. शनिवारी इथे मांजर नव्हती. पिल्लं काल सकाळी दीपेशला दिसली आणि आज आम्ही यायच्या आत त्याने ती नेली. त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. ती पिल्लं बघायला माणूस काल इथेच असायला हवा. तुम्ही म्हणालात, शनिवारनंतर आजच आलात."

पडद्यावर अध्यक्ष पुढे झुकले.

"निळं आधी तपासा, हे तुम्हीच सुचवलंत. लाल आजच उतरवून टाका, हेही तुम्हीच. ते उतरलं असतं तर पुरावाही गेला असता आणि कलमही."

"पण का?" स्नेहलच्या तोंडून निघालं.

उत्तर आमेलीने दिलं. ती उठून उभी राहिली होती. "आमच्या शाळेला पट्ट्या होत्या," ती म्हणाली. "सगळ्या वाशांना. ढिगाऱ्यातून मी स्वतः काढल्या. पट्ट्या धड होत्या. खिळे गुळगुळीत होते."

"हो," तमार म्हणाली. "आज नव्या कलमाचं छप्पर टिकलेलं दिसलं असतं, तर सगळ्या देशाने विचारलं असतं, शाळेला साधे दातेरी खिळे का नव्हते? मग 'कुठलंच छप्पर टिकलं नसतं' हे मत कोणाचं होतं?"

डेव्हिड अंकलनी मान वर केली. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "ठेकेदार म्हणाला, तिथे दातेरी मिळत नाहीत. काम थांबवायला हवं होतं मी. नाही थांबवलं. तमार, गेलेले आता परत येणार आहेत का? माझं नाव घालवून कोणाला काय मिळणार?"

"पुढच्या वादळात जे आत असतील, त्यांना मिळेल."

"तुझे वडील असते तर—"

"त्यांनीही हेच केलं असतं. मला वाटलं होतं, तुम्ही मला शिकवलंत म्हणजे माझ्या बाजूने आहात." तिने पडद्याकडे बोट केलं. "तुमच्याबद्दल मी यापुढे एक शब्द बोलणार नाही. बोलायचं ते तुम्हीच बोला. शाळेबद्दल. त्यांच्यासमोर."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मिस नवगावकर, हे सगळं आमच्या दृष्टीने सिद्ध व्हायला—"

"व्हायला काय हवं ते मला माहीत आहे. दीपेश, लाल पाटीचं छप्पर जॅकवर घे."

दीपेश आणि त्याच्या माणसांनी सांगाडा ढकलला. साखळ्या लागल्या. स्नेहलने काट्यावर डोळे लावले आणि जॅक करकरू लागला. वासे कण्हले. जिथे पहिलं छप्पर उडालं होतं, तो आकडा मागे पडला. ठरलेला जोरही मागे पडला.

"मॅडम, थांबू का?"

"नाही. ओढ."

"मॅडम, जॅकचं तेल गळतंय!"

"गळू दे. ओढ."

छप्पर थरथरलं, कुरकुरलं, पण भिंतीला धरून राहिलं. शेवटी जॅकनेच हार मानली. नळी फुटली आणि तेलाचा फवारा तमारच्या साडीवर उडाला. तिला त्याचं भानच नव्हतं.

पडद्यावर कोणीतरी टाळ्या वाजवू लागलं. अध्यक्ष काहीतरी म्हणत होते, दातेरी खिळे कोरेलात बाहेरून मागवावे लागतील, लोकांवर बोजा पडेल, कलमाची भाषा जरा सौम्य करता येईल का.

"सौम्य?" आमेली पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. "सर, कलमातला एक शब्द हलणार नाही. हलवायचा असेल तर मी गावातल्या प्रत्येक आईला बैठकीला आणते. त्यांना सौम्य भाषेत समजावून सांगा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग हळूच होकारार्थी मान हलवली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डेव्हिड किहीमकर उठले होते. गुडघ्यावर हात दाबत, कोणाचाही आधार न घेता ते पडद्यापर्यंत आले. आमेलीने बाजूला होऊन त्यांना जागा दिली, पण ती गेली नाही. तिथेच उभी राहिली, त्यांच्याकडे बघत.

"शाळेबद्दल सांगायचं आहे," ते म्हणाले.