शेवटची अकरा पावलं

वूडांग डोंगराच्या उत्तर उतारावरच्या त्या लहानशा ताओ मठात येऊन सूयूनला बावीस वर्षं झाली होती. मठाची तलवारविद्या तेरा पिढ्यांची. तिची शंभर पावलं सूयूनच्या हाडांत मुरली होती. शेवटची काही तेवढी शिकायची राहिली होती. दर वसंतात ती विचारी आणि दर वसंतात फांग गुरुजी म्हणत, "अजून वेळ आहे, पोरी."

यंदा गुरुजींनी अंथरूण धरलं, तरी उत्तर तेच.

"म्हणजे ती पावलं त्यांच्याबरोबर मातीतच जायची!" स्वयंपाकघरात ती फणफणली.

तिच्या आधीपासूनचा शिष्य तान मुळा चिरत होता. "मला पन्नासाच्या पुढे शिकवलं नाही. मी रडतो का? मुळे चिरतो."

"तुझं मुळ्यावर भागतं, तानदादा. माझं नाही भागत."

तलवार उचलून ती चौकात गेली. भरदुपारीही धुकं इतकं दाट होतं, की समोरची भिंत दिसत नव्हती. रागाच्या भरात तिने शंभर पावलं घेतली आणि नेहमीच्या जागी अडली.

पाठीमागे पाऊल वाजलं. कापडी जोड्याचं, मऊ. मग दुसरं. बाहीचा फटकारा, पात्याची शीळ. ती श्वास रोखून मोजत राहिली. अकरा झाली आणि आवाज थांबला.

तिने वळून पाहिलं. ओल्या फरशीवर कुणीच नव्हतं.

ती तडक गुरुजींच्या खोलीत गेली.

"किती?" सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं.

"अकरा."

"मला नऊ ऐकू आली होती. माझ्या गुरूंना सात." ते हसले. "ती कुणी शिकवत नाही, सूयून. कानांनी घ्यायची असतात." मग एकदम थांबले. "वळलीस का?"

"वळले. का?"

गुरुजींनी डोळे मिटले. "आमच्यात कुणी वळलं नव्हतं."

पुढे तिने कितीही विनवलं तरी ते बोलले नाहीत. बावीस वर्षं घासून पदरात पुन्हा अर्धंच उत्तर! पाय आपटत ती चौकात परतली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

शंभरानंतर पाय अडला नाही. ऐकलेलं एकेक पाऊल नेमकं पडत गेलं. अकरावं पडलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

बारावंही पडलं.

ते तिने टाकलं नव्हतं.

हात पुसत तान दारात आला. "ओ बाई, कोण तुम्ही? न विचारता इथे तलवार चालवायची नसते."

"दादा, थट्टा पुरे."

तो तिच्याकडे बघत राहिला, परक्या माणसाकडे बघावं तसा. मग आत तोंड करून त्याने हाक मारली.

"सूयून! जरा बाहेर ये गं. कुणीतरी आलंय."

"आले," गुरुजींच्या खोलीतून हुबेहूब तिचाच, सूयूनचा आवाज आला. "यांचं पांघरूण तेवढं सारखं करते."