खारीचा खोकला

ऋताचा खोकला बरा न होण्यात फायदा असलाच तर तो एकट्या निहारचा होता. अंधेरीतल्या डबिंग स्टुडिओत तो रेकॉर्डिस्ट, आणि ती कार्टूनमधल्या खारीला मराठी आवाज देणारी. वाक्य अर्ध्यावर आलं की ती खोकायची, टेक फुकट जायचा, आणि काचेपलीकडची ऋता त्याला आणखी थोडा वेळ मिळायची. सौदा भलताच परवडत होता.

"सॉरी यार... पुन्हा?"

"पुन्हा. खारीला कुठे घाई आहे?"

घाई दिग्दर्शिका अनुपमाताईंना होती. दोन महिने झाले. सिरपं झाली, काढे झाले, एक्स-रे स्वच्छ आला. तरी खोकला मुलुंडहून रोज ऋताबरोबर यायचाच. शेवटी ताई म्हणाल्या, "असंच चाललं तर खार दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल गं."

निहारचं गणित तिथेच फिसकटलं. खार गेली तर ऋताही गेली! त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, हेडफोन तिच्या कानांवर ठेवला — बट बाजूला करताना बोटं उगाच रेंगाळली — आणि तिचाच एक फुकट गेलेला टेक लावून म्हणाला, "वाक्य नको, मधला श्वास ऐक."

ऋताने डोळे मिटले. आधी नुसता वारा. मग त्याच्या टोकाला, लांबच्या सुरूच्या बनातून यावी तशी, केसाइतकी बारीक शिट्टी... आणि मग खोकला.

"हे — माझ्या आत चालतं?" ती कुजबुजली.

"दरवेळी. एसीचा झोत आला, किंवा तू हसलीस, की आधी ही, मग तो."

"आणि तुला कधीपासून माहितीये?"

निहारने कान खाजवला. "बरेच दिवस. पण बरी झाली असतीस तर... वेळेत घरी गेली असतीस ना."

"नालायक आहेस!" ती म्हणाली. हेडफोन मात्र काढला नाही.

छातीच्या डॉक्टरांनी तिला नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं. दमा निघाला, खोकल्याच्या वेशात आलेला. त्यांनी पंप दिला, आणि बरं वाटलं तरी मनाने बंद करायचा नाही, असं बजावलं.

आई हादरली. "पंप? अगं, स्थळं यायची आहेत! कुणाला कळलं तर?"

"कळलंय एकाला," ऋता म्हणाली. "त्यानेच तर शोधलं."

रिपोर्ट पाहून ताईंनी खार दुसऱ्या कुणाला द्यायचं लांबणीवर टाकलं. काही दिवसांनी ऋता पुन्हा माइकपुढे उभी राहिली. निहारने आवाज वाढवला. श्वास आत गेला, बाहेर आला, कुठेही न अडता. बन शांत होतं. रिकाम्या गाभाऱ्यात एकटंच उभं राहावं तसं त्याला झालं. बटणावरचा हात हलवायचंही भान राहिलं नाही.

खार झपाट्याने बोलत सुटली. खूश होऊन ताई चहाला गेल्या. एकच वाक्य उरलं, आणि ऋता खोकली.

निहारने हेडफोन घट्ट दाबला. "आधी शिट्टी नव्हती. खोटा आहे हा."

काचेपलीकडे ती लाल झाली, पण मागे हटली नाही. "मग? रिटेक लागणारच ना... निहार, पंपासकट घेशील का रे पदरात?"

"पंपासकट," तो म्हणाला, "आईसकट... खारीसकट."

हिशेब केला तर खोकला गेला, आणि दोघांचंही साधलं. भुर्दंड पडला तो खारीला. हातात अक्रोड धरून, तोंड उघडं ठेवून, दोघांचं बोलणं संपेपर्यंत ती बिचारी पडद्यावर तशीच ताटकळत राहिली.