मीटिंग रूममधली घंटी

हे खरं घडलंय. मरोळला, आमच्या ऑफिसात, भर दुपारी. रात्र असती, तर भास झाला म्हणून मीच सोडून दिलं असतं.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ते नाहूरच्या घरी बांगडे साफ करत होते.

"नवीन पोरांना शिकव गो," ते म्हणाले. "बिघाड झाला की 'का' विचारायचं. उत्तरात माणसाचं नाव आलं, तर उत्तर चुकलं. पुन्हा विचारायचं."

"आधी हात धुवा. तुमच्या ज्ञानाला मासळीचा वास येतोय."

पहाटे ते झोपेतच गेले.

आमची कंपनी हॉस्पिटलच्या घंटीचं सॉफ्टवेअर बनवते. पेशंटने बटण दाबलं, की नर्सच्या टेबलावर घंटी वाजते. बाबा टेस्टिंगचे प्रमुख, मी त्यांच्याच हाताखाली.

तेराव्यानंतर मी कामावर आले. त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका हॉस्पिटलात वीज जाऊन आली, आणि घंट्या मुक्या झाल्या.

एक आजी पलंगावरून पडल्या. बटण दाबत राहिल्या...

कोणीच आलं नाही.

मीटिंग बसली. मॅनेजर देवव्रत घाईत होते. "का झालं हे?"

"सुयोगने टेस्ट न करता कोड टाकला," आकाश म्हणाला.

सुयोग, आमच्यातला नवा पोरगा, मान खाली घालून बसला होता.

"मग सुयोगला काढू. विषय संपला."

तेवढ्यात...

घंटी वाजली.

भिंतीवरची. नमुना म्हणून टांगलेली.

"कोण मस्करी करतंय यार?" आकाश प्लग काढायला उठला.

प्लग लावलेलाच नव्हता.

"चूक सुयोगचीच आहे," देवव्रत मोठ्याने म्हणाले.

पुन्हा घंटी... या वेळी थांबेचना.

माझ्या तोंडातून निघालंच, "पण टेस्ट न करता कोड पुढे जातोच का?"

घंटी थांबली.

"घाई असली की आपण टेस्ट बंद ठेवतो ना," सुयोग पुटपुटला. "सॉफ्टवेअरमध्ये तसा स्विचच आहे."

देवव्रतनी भिंतीवरच्या घंटीकडे पाहिलं.

"तो स्विच काढून टाका," ते म्हणाले. "आणि वीज जाऊन आल्यावर काय होतं, त्याचीही टेस्ट हवी. सुयोग, तूच लिही."

सगळे भराभर बाहेर पडले. मी बसून राहिले.

घंटीच्या पेटीवरचा लाल दिवा अजून जळत होता... आणि हळूहळू मंद होत होता.

आजही त्या खोलीत शिरताना मी दारात थबकते. कशाची भीती वाटते, मलाच सांगता येत नाही. दिवा पुन्हा लागेल याची, की कधीच लागणार नाही याची.

ऑफिसात मी बाबांना कायम 'सर' म्हणत आले. लोकांनी काही बोलू नये म्हणून.

त्या दुपारी दिवा विझत आला, तशी मी पेटीजवळ गेले आणि मोठ्याने म्हणाले,

"बाबा, थांबा ना जरा."