बदकानंतरचा कान

एक्क्याण्णव साली वापीजवळच्या आमलीत माझी बालवाडी होती, कारखान्यांतल्या कामगारांच्या पोरांची. कुणी धुळ्याकडचं, कुणी वलसाडचं, कुणी यूपीचं. व्हिडिओ आणला तेव्हा शेजारच्या वासंतीने विचारलं, "आता तू काय, झोपा काढणार?"

"टीव्हीला शेंबूड पुसता येत नाही गं," मी म्हटलं.

कॅसेट एकच, चित्रांची. पडद्यावर पिवळा कान आला की ऐकायचं, लाल ओठ आले की म्हणायचं. मध्यंतरी टीव्हीचा आवाज गेला. दुरुस्तीवाला वापीहून येईना, म्हणून कान आला की शब्द मीच सांगायची. मी "गाय" म्हटलं की सगळी तोंडं "गाय" म्हणत, कुठल्याही मुलखातली असोत. कॅसेट मला तोंडपाठ होती.

त्या दुपारी रोशनीचा बाप बारकू दारात आला. रात्रपाळीने डोळे तांबडे.

"बाई, रोशनी इथं हाय का?"

"आज आलीच नाही. घरी नाही?"

"मी झोपेल होतो. उठलो तं पोर नही."

मी उठणार, तोच बदक गेलं आणि पुन्हा कान आला. बदकानंतर मोर येतो. कान तसाच थांबला. टीव्ही अजून मुकाच होता, आणि मी काही बोललेच नव्हते. पोरं मात्र ऐकत होती, माना किंचित कलत्या.

मग ओठ आले.

"विहीर," संजू म्हणाला.

"कूवो," जिग्ना म्हणाली.

"कुआँ," मागून कुणीतरी.

एरवी पोरं माझाच शब्द जसाच्या तसा परत देत. आज ज्याने त्याने आपल्या घरचा दिला होता.

"कुणी सांगितलं रे?"

संजूने पडद्याकडे बोट केलं. "आत्ता नाही का सांगितलं, बाई?"

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

"बारकू, चाळीमागची पायऱ्यांची विहीर. पळ!"

पोरं वासंतीच्या हवाली करून मीही धावले. तो वाटभर पोरीच्या नावाने ओरडत होता.

रोशनी शेवटच्या पायरीवर बसली होती. पावलं पाण्यात.

त्याने तिला वर आणलं. मी तिला त्याच्याकडून घेतलं.

"इतक्या हाका मारल्या, तुले ऐकू नही आलं?"

"ऐकत होते ना," ती फणकारली.

"मग ओ का नाही दिलीस, बाळा?" मी विचारलं.

"तुमचं नव्हते ऐकत."

मी तिला खांद्याशी धरून चालू लागले. ती मागे विहिरीकडे बघत होती. मधूनच मान हलवायची. शिकवलेलं समजलं की पोरं हलवतात, तशी.