वारं पाठीशी होतं

धाकटी विमानतळावर चौकशीच्या खिडकीत बसायची. त्यामुळे बाबांनी अंथरूण धरल्यापासून ते रोज जे विचारायचे, त्याचं उत्तर तिच्या ओठांवरच असायचं.

"थोरला किती लांब आहे गं?"

"साडेबारा हजार किलोमीटर, बाबा. विमानात बसला की पंधरा तास."

"हाकेच्या अंतरावर नाही, एवढंच म्हण ना," बाबा हसायचे.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर 'थोरल्याला बोलावून घ्या' म्हणत उठले. तिने भावाला फोन लावला. मिळेल ते विमान पकडतो, म्हणाला.

दुपारी ती दूध तापवत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात थोरला उभा! हातात काही नाही.

"दादा? इतक्या लवकर?"

"वारं पाठीशी होतं."

वारं कितीही पाठीशी असलं तरी वाचून वाचून तास-दीड तास वाचतो, हे तिला पाठ होतं. पण भाऊ दारात आल्यावर हिशेब कोण करत बसतं? तो थेट आत गेला, बाबांच्या उशाशी खुर्ची ओढून बसला, त्यांचा हात हातात घेतला. बाबांचं कण्हणं थांबलं. खोलीत मात्र गारठा पसरला... ओल्या लोखंडासारखा वास सुटला.

स्वयंपाकघरात फोन वाजला. तिने घाईने उचलला.

"धाकटे, आत्ता कुठे विमानात बसलोय गं. बाबांना सांग, निघालोय म्हणून."

दूध उतू गेलं.

"कुणाचा फोन?" आतून आवाज आला. दादाचाच आवाज.

"...ऑफिसचा."

गॅस बंद करून ती आत गेली. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून तिने बाबांचा दुसरा हात घट्ट धरला.

"त्यांना घेऊन जायचंय," तो हळूच म्हणाला.

"दादा आल्याशिवाय बाबा कुठेही जाणार नाहीत."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांत राग नव्हता, घाईही नव्हती.

"बरं," तो म्हणाला.

तिची पापणी लवली असेल नसेल, खुर्ची रिकामी होती. दाराचा आवाज काही झाला नाही.

तिने बाबांचा हात सोडला नाही. उजाडताना थोरला आला. पाय सुजलेले, दाढी वाढलेली, बॅगेचं चाक मोडलेलं. तिने आधी त्याचा हात चाचपला. घामेजलेला, उबदार. मग तिला रडू फुटलं.

बाबांनी त्याच्या हातून चार घोट दूध घेतलं. चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. तो शेजारच्या खोलीत जाऊन पडला, लगेच घोरायलाही लागला. तेव्हा बाबांनी तिला जवळ बोलावलं.

"धाकटे... दोघंही माझेच का गं?"

"नाही, बाबा. एकच."

बाबांनी सावकाश मान वळवून उशाशी असलेल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मग ह्याला काय सांगू?"